बासष्टचा हिशेब

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तेच वाक्य आलं, 'युद्ध चालू असताना नेत्याला प्रश्न विचारायचे नसतात.' खाली पंचवीस अंगठे. तिथे वाद घातला नाही, म्हणून इथे लिहितोय.

26 ऑक्टोबर 1962. चिनी हल्ल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. जनसंघाचे 36-37 वर्षांचे राज्यसभा खासदार अटलबिहारी वाजपेयी नेहरूंना भेटले आणि संसदेचं अधिवेशन लगेच बोलवा म्हणाले. नेहरूंनी ते लवकर बोलावलं. 8 नोव्हेंबरला लोकसभेत चर्चा सुरू झाली, आठवडाभर चालली, दीडशेच्या वर खासदार बोलले. बैठक गुप्त ठेवा, अशी सूचना एका खासदाराने केली, ती नेहरूंनीच नाकारली. सीमेवर तेव्हा दोन हल्ल्यांमधली शांतता होती. नंतर ईशान्य सीमेवरची सेला खिंड पडली, बोमडिला पडलं. लोकसभेतल्या भाषणांमुळे नव्हे. बर्फात सुती कपड्यांत पाठवलेल्या जवानांकडे काय होतं आणि काय नव्हतं, हे चिन्यांना खासदारांकडून कळायची गरज नव्हती.

हे मी नेहरूंच्या बाजूने लिहितो. आता दुसरी बाजू.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना आपल्याच मुंबईकरांनी निवडून दिलं होतं. फेब्रुवारी 1962, उत्तर मुंबई, समोर आचार्य कृपलानी. आमचे आजोबा तेव्हा अंधेरीला राहायचे. नेहरूंनी सांगितलं म्हणून त्यांनी मेननना मत दिलं, आणि पुढे हा विषय निघाला की ते पेपर तोंडासमोर धरायचे. मेनन 7 नोव्हेंबरला गेले. जायलाच हवे होते. पण सैन्याची तयारी नसताना पुढे पुढे चौक्या टाकायचं धोरण एकट्या मेननचं नव्हतं. आपल्या प्रदेशातून चिन्यांना हुसकावण्याचा आदेश दिलाय, हे 12 ऑक्टोबरला सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) निघताना पत्रकारांना सांगितलं ते पंतप्रधानांनी.

यशवंतराव चव्हाणांनी 21 नोव्हेंबरला संरक्षण खातं घेतलं. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण छाती फुगवून सांगतो, पण त्याच काळातल्या चौकशीचं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना चौकशीला बसवलं, पण ती लष्करी कारवाईपुरतीच. दिल्लीत निर्णय कुणी घेतले, हा प्रश्न कक्षेतच नव्हता. 1963 मध्ये अहवाल आला. यशवंतरावांनी 2 सप्टेंबरला संसदेत निवेदन केलं, अहवाल मात्र कपाटात गेला. मला यशवंतरावांबद्दल आदर आहे, तरी हे खटकतंच.

त्या निवेदनाच्या दोनच आठवडे आधी, ऑगस्टमध्ये, अमरोह्याहून पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या त्याच कृपलानींनी अविश्वास ठराव मांडला होता. लोकसभेतला पहिला. 347 विरुद्ध 62 ने पडला. सरकार काही हललं नाही, पण नेहरूंना सभागृहात बसून ऐकावं लागलं.

आणि गंमत बघा. 1999 मध्ये कारगिल चालू असताना विरोधकांनी राज्यसभेची बैठक मागितली, ती मिळाली नाही. पंतप्रधान होते वाजपेयीच! त्यांना श्रेयही देतो: कारगिलच्या चौकशीला सुब्रह्मण्यम समिती लगेच नेमली आणि अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये, काही मजकूर वगळून का होईना, संसदेत ठेवला. म्हणजे नेहरूंनी युद्धात उत्तर दिलं आणि नंतर कागद दाबला, वाजपेयींनी उलटं केलं. दोघांपैकी एकाचंच नाव घेऊन ग्रुपवर भांडणाऱ्यांनी दोन्ही नोंदी वाचाव्यात.

ब्रूक्स-भगत अहवाल 2010 मध्येही खुला झाला नाही. त्यातला मजकूर आजच्या कारवायांच्या दृष्टीनेही संवेदनशील आहे, असं काँग्रेसच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. 2014 मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तो जगाने वाचला. मग सरकार बदललं, कुलूप तेच राहिलं.

बासष्टला आजीने संरक्षण निधीला हातातली एक बांगडी दिली होती. त्याची पावती आजोबांच्या ट्रंकेत सापडली. वजन, तारीख, सही, सगळं अजून वाचता येतं.