व्हिएन्नातला रविवार

व्हिएन्नात खरेदी कुठे करायची हे सांगणारे ढीगभर भेटतात. मारियाहिल्फर श्ट्रासेवर कपडे, नाशमार्क्टात ऑलिव्ह नि मसाले, ग्राबेनवर नुसतं बघून पुढे चालायचं. कधी करायची, हे मात्र कोणी सांगत नाही. तिथली दुकानं शनिवारी संध्याकाळी ६ ला कायद्याने बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. आणि आमच्या टूरवाल्यांनी शॉपिंगसाठी मोकळा वेळ ठेवला होता नेमका रविवारी!

मला हा कायदा फार आवडला. ‘१ ते ४ बंद’ वाचत वाढलेल्या पुणेकराला बंद दुकानाचं नवल नसतंच, पण इथे साक्षात सरकार नवऱ्यांच्या बाजूने उभं होतं. ग्राबेनवरून कोलमार्क्टकडे जाताना ही प्रत्येक काचेपाशी थांबायची आणि मीही न कुरकुरता थांबायचो.

“घड्याळ छान आहे ना हो?”

“अप्रतिम! घेऊनच टाक.”

बंद दारासमोर माणूस किती दिलदार होतो!

हे सुख फार टिकलं नाही. भेटवस्तूंची दुकानं रविवारीही उघडी असतात, हा शोध तिला लागला. या दुकानांवर राज्य दोघांचं. एक संगीतकार मोझार्ट, चॉकलेटच्या गोळ्यांवर छापलेला. (हे गोळे साल्झबुर्गात १८९० मध्ये निघाले, म्हणजे मोझार्ट जाऊन ९९ वर्षं झाल्यावर. बिचाऱ्याला एकही चाखता आला नाही.) दुसरा चित्रकार क्लिम्ट. त्याचं ‘चुंबन’ टांगलंय बेल्वेडेर राजवाड्यात, पण कॉफीचे मग, मोजे, चष्म्याची घरं, छत्र्या अशा सगळ्यांवर ते जोडपं आपलं बिलगून उभंच. मूळ चित्राला खऱ्या सोन्याचा वर्ख आहे म्हटल्यावर हिला चित्रकलेत एकदम गोडी वाटू लागली.

बिल झालं ६८ युरो. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, ७५ च्या वर गेलं तर टॅक्स परत मिळण्याचा फॉर्म देते. झालं! दहाएक युरो परत मिळवण्यासाठी आम्ही २२ युरोंची छत्री घेतली. हिशेबात मी बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे.

“आत्यांना होईल,” ही म्हणाली.

“अगं, ऐंशीच्या आत्याला चुंबनाची छत्री?”

“पावसात कोण बघतंय!”

तेच मोझार्टचे गोळे पुढे रेल्वे स्टेशनातल्या सुपरमार्केटात बरेच स्वस्त दिसले. रविवारी उघडी असणारी सुपरमार्केटं मोजकीच, त्यामुळे अर्धं व्हिएन्ना तिथे रांगेत. कॅशियर बाई सामान अशा वेगाने पुढे सरकवते की पिशवी उघडेपर्यंत मागच्याचं दूध आपल्या गोळ्यांवर येऊन आदळतं. घेणाऱ्यांनी गोळे तिथूनच घ्यावेत.

टॅक्सच्या फॉर्मवर विमानतळावर कस्टमचा शिक्का लागतो, आणि वस्तू दाखवायला लागू शकते म्हणून बॅग विमानकंपनीच्या ताब्यात देण्याआधीच. मी भर रांगेत बॅग उघडून खांद्यापर्यंत हात घातला, मळक्या कपड्यांच्या तळातून छत्री उपसली. साहेबांनी मान वर न करता शिक्का मारला.

आत्याने घरातच छत्री उघडली, चष्मा सावरला आणि सोन्यात मढलेल्या त्या जोडप्याकडे डोळे भरून पाहिलं.

“अगंबाई, राधाकृष्ण! तिकडेही मिळतात?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिने त्यात मोझार्टचा गोळा कोंबला.