मॉरिशसला कामासाठी जाताय? मग हे कराच

पहिलं म्हणजे, कामासाठी चाललोय असं ऑफिसात चारचारदा सांगा. कुणाला पटणार नाही ते सोडा. अकाउंट्सवाले काका ॲडव्हान्सच्या व्हाउचरवर सही करताना ‘वहिनीपण येतायत ना?’ असं विचारणारच.

मीटिंगा ठरवताना नकाशा बघा. बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात अशी आठ मावतील. म्हणजे उतरल्या उतरल्या तासाभरात पहिली मीटिंग सहज होईल. विमानतळ आग्नेय टोकाला आणि तुमची राजधानी पोर्ट लुईस पार वायव्येला, मध्ये 50 किलोमीटर, ही किरकोळ बाब. सकाळी अख्खं बेट ऑफिस गाठायला त्याच हायवेवर उतरलेलं असतं. हिंजवडीला जाऊन-येऊन असाल तर माहेरी आल्यासारखं वाटेल.

टॅक्सीचं भाडं आधी मुळीच ठरवू नका. तिथे मीटरचं कुणी नाव काढत नाही, शहाणी माणसं बसण्यापूर्वीच आकडा पक्का करतात. तुम्ही सूट-टायमधले. सामान डिकीत गेल्यावर, गाडी उसाच्या शेतांमधून धावायला लागल्यावर हळूच विचारा. नोटेवर देवनागरीत चक्क ‘रुपया’ लिहिलेलं असतं, तेव्हा आपलेच समजून हो म्हणा. तो रुपया आपल्यापेक्षा महाग आहे हे क्रेडिट कार्डाचं बिल कळवेलच. वाटेत ड्रायव्हर लाकडी जहाजांच्या दुकानाशी ‘पाचच मिनिटं’ थांबेल. थांबा. इतकी सुबक शिडं, बोटभर तोफा, सुतासारखे दोर! घ्याच एक.

मेट्रोच्या वाटेला जाऊ नका. पोर्ट लुईस ते क्युरपीप, एसी डबे, बांधलीये आपल्याच लार्सन अँड टुब्रोने. पण तिकीट इतकं स्वस्त की बिल लावायचीही लाज वाटावी. विमानतळापर्यंत ती जात नाही, तेवढंच समाधान. बसचा विचार मात्र रात्री जेवण झाल्यावर करा, म्हणजे शेवटची कधीच गेलेली असेल.

तारीख शक्यतो महाशिवरात्रीच्या सुमाराची धरा. कावडी घेऊन माणसं रस्त्याने पायी गंगा तलावाला निघालेली असतात आणि तुमची गाडी भक्तिभावाने त्यांच्या मागे. घरचा गणपती टाकून भाद्रपद चतुर्थीच्या सुमाराला गेलात तरी छान. तिथेही सार्वजनिक सुट्टी असते, क्लायंट आरतीत. नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी, चक्रीवादळाचा हंगाम. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की बस बंद, ऑफिसं बंद, आणि तुम्ही हॉटेलात प्रेझेंटेशनच्या स्लाइड सारख्या करत.

पैशाला मात्र यातलं काही आडवं येत नाही. 1982 च्या भारत-मॉरिशस करविषयक करारानंतर कित्येक वर्षं भारतात येणारी केवढी तरी परकीय गुंतवणूक पोर्ट लुईसच्या पत्त्यावरून आली. शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथे कर नव्हता, तिथेही नव्हता. 2016 साली करार बदलला, 2017 च्या एप्रिलपासून घेतलेल्या शेअर्सवर कर लागला. इतक्या वर्षांत त्या पैशाने टॅक्सीवाल्याशी एकदाही घासाघीस केली नाही.

मीटिंग इंग्रजीत होईल. किमतीचा विषय निघाला की समोरचे दोघे एकमेकांशी तिथल्या क्रेओल बोलीत बोलायला लागतील. तुम्ही हसून मान डोलवा, करार त्यानेच होतो.

परतताना जहाज हँडबॅगेजमध्येच आणा. डोलकाठी मोडेल, मोडू दे. उरलेलं अकाउंट्सवाल्या काकांच्या टेबलावर ठेवा आणि बिल ‘स्टेशनरी’त लावा. वहिनींचा विषय पुन्हा निघणार नाही.