‘डबल डोस मारा, थ्रिप्स मुळासकट संपतो’: हा मेसेज कांदा उत्पादकांचं नुकसान करतोय

कांद्याच्या ग्रुपांवर सध्या थ्रिप्सवर, म्हणजे पातीचा रस खाणाऱ्या बारीक किडीवर, एक मेसेज फिरतोय. लागवडीपासून दर आठ दिवसांनी दोन-तीन कीटकनाशकं एकत्र करून डबल डोस मारा, मोजत बसू नका, स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रावण) नसेल तर पंपात कपडे धुवायची पावडर टाका, थ्रिप्स मुळासकट संपतो. लोक खरंच करतायत हे, आणि औषधाच्या दुकानातली उधारी वाढत चाललीय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मुळासकट संपतो म्हणे. कसा संपेल? मादी अंडी पातीच्या पेशींच्या आत घालते, बाहेर निघालेली पिल्लं पोग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पातीत, दोन पातींच्या बेचक्यात घुसून रस खातात आणि कोषात जायची वेळ आली की बहुतेक मातीत उतरतात. म्हणजे तुम्ही फवारता त्या दिवशी काही पातीत आहेत, काही मातीत आहेत, औषध त्यांच्यापर्यंत जातच नाही. त्यात या किडीच्या मादीला नराशिवायही पिल्लं होतात आणि उष्ण कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार, त्यामुळे थोडे उरले तरी पुन्हा तेच. शून्य करायच्या नादाला लागूच नका, मर्यादेत ठेवा.

ती मर्यादा मोजल्याशिवाय कळत नाही. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय झाडामागे 30 थ्रिप्स झाले की फवारा, असं सांगतं. प्लॉटमध्ये वेगवेगळ्या ठिकाणची झाडं घ्या, पात हलक्या हातानं फाकवा आणि अगदी आत पोग्याशी बघा, फिकट पिवळी बारीक पिल्लं हळूहळू सरकताना दिसतात. थ्रिप्स असेल तर पातीवर चंदेरी-पांढरे चट्टेही दिसले पाहिजेत. नुसते शेंडे पिवळे दिसले म्हणून पंप उचलू नका, ते पाण्यानं किंवा करपा रोगानंही होतं.

दोन-तीन औषधं एकत्र मारण्याचं तर काय बोलायचं. बऱ्याचदा दोन बाटल्यांवर नावं वेगळी पण आतला घटक एकच असतो, पाठीमागचं लेबल वाचा ना! एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीनं कीड मारणारं औषध सारखं मारलं की थ्रिप्सला सवय होते, अमेरिका-कॅनडात लॅम्बडा सायहॅलोथ्रिनसारखी औषधं याच किडीवर निकामी झालीत. वर थ्रिप्स खाणारे मित्रकीटक मरतात ते वेगळंच. लेबलवरचाच डोस आणि पुढच्या फवारणीला गट बदलायचा.

पावडरीचं उत्तर छोटं आहे. पातीवर मेणाचा थर असतो म्हणून स्टिकर लागतोच, हे बरोबर, पण कपड्याच्या पावडरीनं तो थरच खराब होतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि डायमेथोएटसारखी औषधं त्यात लवकर फुटतात. शेतीसाठीचा स्टिकर घ्या, स्वस्त असतो.

आणि मेसेजमध्ये मक्याचं नावच नाही याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. थ्रिप्स वाऱ्याबरोबर शेजारच्या रानातून येतो, प्लॉटभोवती मक्याच्या दोन दाट ओळी असल्या तर बराचसा तिथेच अडतो, मात्र मका कांदा लागवडीच्या निदान 30 दिवस आधी हवी. तुषार सिंचन असेल तर पाण्याच्या मारानंही थ्रिप्स कमी होतो, आणि युरिया जास्त टाकला की वाढतो. तुमचं रोप आत्ता वाफ्यात असेल, बी टाकून पंधरा दिवस झाले असतील, तर बांधाकडेनं मका आजच टोका, लागवडीपर्यंत बरोबर उंच होते.