रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी

काल संध्याकाळी इश्यू ट्रॅकरमध्ये, म्हणजे ऑफिसची कामं आणि चुका नोंदवायच्या टूलमध्ये, दोन नियम लावले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. आज सकाळी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच टेस्टिंगचे काका समोर उभे. हातात स्टेपल केलेले सात कागद. तिकिटाची, म्हणजे तिथल्या एका कामाच्या नोंदीची, हिस्टरी कुणी प्रिंट काढून आणेल, असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी तू प्रायॉरिटी हाय केलीस." पेनाचं टोक ओळीवर. "३:१२ लाच मीडियम केलीस. ३:१३ ला परत हाय." चष्मा काढून त्यांनी आवाज खाली आणला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"काका, ते मी नाही. नियम आहे तो. आपोआप चालतो."

"नाव तुझं आहे."

"ज्याने नियम लिहिला, त्याच्या नावाने बदल पडतात."

"म्हणजे तूच."

"अहो, मी झोपलो होतो!"

"झोपेत चालणारी माणसं असतात. झोपेत तिकिटं हलवणारा पहिल्यांदा बघतोय." मग दुखऱ्या स्वरात, "मी चारला उठून कमेंटही टाकली, 'बाळा, एकदा काय ते ठरव.' उत्तर म्हणून काय केलंस? पुन्हा मीडियम!"

झालं होतं ते असं. पहिला नियम: ड्यू डेट उद्यावर आली तर प्रायॉरिटी हाय, लांब असेल तर मीडियम. दुसरा: हाय झाली तर नीट कामाला वेळ हवा म्हणून तीन दिवस द्या, मीडियम असेल तर किरकोळ काम, उद्या उरका. दुसऱ्या नियमातली ही दोन वाक्यं एकाच मीटिंगमध्ये दोन जबाबदार माणसांच्या तोंडून आलेली. वेगवेगळी ऐकली तर दोन्ही शहाणपणाची. मी ती इमानदारीने लिहून घेतली, वर 'इतर नियमांनी केलेल्या बदलावरही हा नियम चालवा' या चौकटीत टिकही केली. रात्री परदेशातल्या टीममधल्या कुणीतरी एका तिकिटाची ड्यू डेट उद्याची केली, आणि दोन्ही नियम सासू-सुनेसारखे एकमेकांचं केलेलं निस्तरत बसले. तिकीट कशाचं? एका बटणावरच्या स्पेलिंगचं. ते स्पेलिंग अजून तसंच आहे.

या जातीच्या टूलांची नावंही काय नामी असतात. बगझिला १९९८ चं. २००२ साली आलेल्या जिराचं नाव गोजिरावरून, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी नावावरून घेतलेलं. आपल्याकडे गोजिरं म्हणजे लडिवाळ, आणि जिरवणे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमचं टूल या दोघांपैकी नव्हे, पण गोत्र तेच. माझी जिरवली.

काकांचा राग मी समजू शकतो, त्यांचा फोन रात्रभर वाजत होता. मला राग आहे तो वेगळाच. एका तिकिटावर तेवीस फील्ड आहेत आणि ती भरायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून तर नियम लावायचे. माझा जुना नियम तीन महिने निमूटपणे 'कंपोनंट', म्हणजे काम सॉफ्टवेअरच्या कुठल्या भागाचं ते, भरत होता, तेव्हा कुणी 'बरं केलंस' म्हणालं नाही. मुळात ते फील्ड वाचतं कोण? महिन्याच्या रिपोर्टात एक रंगीत गोल येतो, त्या गोलासाठी हा सगळा खटाटोप. अशी एकच अट घातली असती, 'आधीच एकदा बदललं असेल तर हात लावू नको', तर भागलं असतं. पण हे मला आज सांगणाऱ्या अकरा जणांपैकी काल मीटिंगमध्ये एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

चक्र थांबलं तेही कुणाच्या अकलेने नाही. पहाटे नियम चालवण्याचा महिन्याचा कोटा संपला. आता पहिल्या तारखेपर्यंत आख्ख्या ऑफिसचे नियम बंद, आणि सगळी फील्डं हाताने भरायचं काम अर्थातच माझ्याकडे.

दुपारी काका पुन्हा आले. त्यांच्या चार तिकिटांची प्रायॉरिटी मी अजून लावलेली नव्हती.

"रात्री बरा हात चालतो रे तुझा," म्हणाले.