माळ्यापर्यंतचा हात

खांदा गेल्याची बातमी मला लोकलने दिली. डोंबिवलीला गाडीत शिरलो, सवयीने डावा हात वरच्या कडीकडे नेला, तर तो छातीशीच अडला. मागून धक्का आला तेव्हा तोंडातून काय निघालं आठवत नाही, पण बसलेल्या माणसाने उठून मला जागा दिली. डोंबिवलीच्या गाडीत! म्हणजे बरंच काही निघालं असणार.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "फ्रोजन शोल्डर." हिच्या डोळ्यांसमोर फ्रीजरमधले मटार आले. "मग शेकलं की सुटेल ना?" तितकं सोपं नव्हतं. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं, धुतल्यावर आटलेल्या झब्ब्यासारखं. आधी दुखतं, मग आखडतं, मग सावकाश सुटतं. यात दीड-दोन वर्षंही जातात. हे थंडगार नाव १९३४ साली बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने दिलं. जपानी लोक आडपडदा ठेवत नाहीत, ते याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. मी चोपन्नचा.

"शुगर?" डॉक्टरांनी विचारलं.

"बॉर्डरवर."

"बॉर्डर ओलांडून सात वर्षं झाली," ही म्हणाली. मधुमेह असला की हे दुखणं जास्त होतं म्हणे. श्रीखंडाची वाटी खांद्यापर्यंत पोचते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची, फुंकर मारली तर उडेल अशी. तिने कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पाय फुटावेत तसलं काहीतरी काढलं आणि हात मोजला. पुढून ९० अंश. जायला हवा १८० च्या आसपास. म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या जुन्या हिशेबाने मी पास होतो. मग म्हणाली, "काका, कोपर कमरेला चिकटवा आणि हात बाहेर फिरवा."

फिरवला.

"फिरवा ना."

"फिरवलाय."

तिने कागदावर शून्यासारखं काहीतरी लिहिलं. हे बाहेर फिरवणंच सगळ्यात आधी जातं, असं सांगून तिने गरम पॅक ठेवला. दहा मिनिटं झकास गेली. मग ती माझा हात धरून म्हणाली, "दुखलं तर सांगा हं." मी सांगितलं. सांगितल्यावर पुढे काय करायचं ते मात्र आमचं ठरलेलं नव्हतं.

घरचा अभ्यास वेगळाच. एका हाताने टेबल धरून वाकायचं आणि दुखरा हात लंबकासारखा सैल सोडून हलवायचा. कामाच्या मावशी पहिल्या दिवशी झाडू टाकून शेजारी वाकल्या आणि टेबलाखाली बघत म्हणाल्या, "काय पडलंय साहेब?" दुसरा व्यायाम भिंतीवरचा: बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची आणि पोचतील तिथे पेन्सिलने खूण करायची. त्याच भिंतीवरच्या मुलीच्या उंचीच्या खुणा रंग देताना पुसल्या होत्या. आता तिथे बाप वाढत होता, तारखेसकट.

खरं सांगायचं तर या आजारात एक सुख होतं. आमच्या घरातला माळा. रिकाम्या बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या, मोदकपात्र, सगळं तिथे आणि सगळं काढायला मी. दहा महिने त्या दिशेला कोणी बोट दाखवलं नाही. ही स्टूल घेऊन चढायची, मी खालून "जपून" म्हणायचो. तेवढं खांद्याशिवाय म्हणता येतं. त्यामुळे हात बराच वर जायला लागला तरी मी घरात तो बेताचाच उचलत होतो. चहाचा कप घेताना तर चेहराही करत होतो.

दिवाळीच्या आधी हिने भिंत पुसायला घेतली आणि खुणांपाशी थांबली. पुन्हा वाचल्या. शेवटची परवाची होती. मग तिथून माळ्याच्या फळीकडे बघितलं, फळीकडून माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "चकलीचा सोऱ्या डाव्या कोपऱ्यात आहे. मोदकपात्राच्या मागे."