ई म्हणजे ईस्ट नव्हे!

आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या बसना नंबर देणाऱ्यांनी कधी भर पावसात स्टॉपवर उभं राहून बस पकडली आहे का?

परवा माझी आई चुकली. घर अ‍ॅडम्सटाउनला, म्हणजे सी 1 किंवा सी 2. तिने पकडली सी 4. शहरातून निघताना चारही सी एकाच रस्त्याने जातात, त्यामुळे तिला शंकाही आली नाही. पुढे फाटा फुटला आणि आई थेट मेनूथला, दुसऱ्या काउंटीत! रात्रीचे आठ, फोनची बॅटरी संपत आलेली आणि रडवेला आवाज, "अगं, इथलं काहीच ओळखीचं नाही गं."

इथे हात केल्याशिवाय बस थांबत नाही. म्हणजे लांबूनच नंबर वाचायला हवा. ओल्या काचेवर सी दिसतो, पण कुठे जाणार ते ठरतं त्यापुढच्या एका आकड्यावर!

2021 पासून ही 'स्पाइन' पद्धत टप्प्याटप्प्याने आणली. अक्षर म्हणजे मुख्य रस्ता, आकडा म्हणजे फाटा. जुन्या पद्धतीत बरोबर उलटं: 39 आणि 39ए, आकडा आधी, फाट्याचं अक्षर नंतर. आता दोन्ही पद्धती एकाच स्टॉपवर. एन 4 उत्तरेची, एस 6 दक्षिणेची, डब्ल्यू 4 पश्चिमेची. मग ई 1 पूर्वेची असेल ना? छे! ती चालली दक्षिणेला, ब्रे गावाकडे. तिथे ई हे नुसतं स्पाइनचं अक्षर. एकाच पाटीवर अक्षर कधी दिशा, कधी रस्ता! हे नव्या माणसाने ओळखायचं कसं?

आणि डब्ल्यू 4 वॉटरफर्ड शहरातही आहे! तिथे डब्ल्यू म्हणजे वॉटरफर्ड. कॉर्कला दोनशेचे, लिमरिकला तीनशेचे, गॉलवेला चारशेचे नंबर, आकड्यावरून शहर कळतं. इतकी साधी, चांगली सोय याच देशात असताना राजधानीत हा घोळ कशाला?

जानेवारी 2025 मध्ये 46ए बंद केली. पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी असलेला नंबर! डन लीरीला जायला आता ई 2. शेजारच्या आजी अजूनही 46ए विचारतात.

पाटीवर आयरिश नाव असतं, ते असायलाच हवं. मराठी पाट्यांसाठी भांडणाऱ्यांना ते सांगायला नको. पण गावाचं नाव लांबून वाचता येईल एवढं मोठं करा ना! आईने आता पर्समध्ये चिठ्ठी ठेवली आहे: "1, 2 आपल्या. 3, 4 नाही." एकटी शहरात जायला मात्र ती तयार नाही.