कच्च्या शेणखताबद्दलच्या मेसेजचा खुलासा

‘पेरणीच्या तोंडावर ताजं शेण आणि काडीकचरा मातीत गाडा, युरिया पूर्ण बंद करा, त्याच हंगामात उत्पन्न दुप्पट’ असा मेसेज सध्या फिरतोय. सेंद्रिय खत चांगलंच, पण हा सल्ला पिकाला महागात पडू शकतो.

गव्हाच्या काडात कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर साधारण 80:1 असतं, म्हणजे कर्ब भरपूर आणि नत्र फारच कमी. ते कुजवताना जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच उचलतात. मग कोवळं पीक पिवळं पडतं, आणि दोष बियाण्याला जातो! काही आठवड्यांनी नत्र पुन्हा सुटतं, पण तोवर वाढीचा काळ निघून गेलेला असतो. कुजलेल्या खतात हे गुणोत्तर 20:1 च्या आसपास येतं, तेव्हा ही अडचण राहत नाही. ताज्या शेणातून तणांचं बी येतं, ते वेगळंच.

आता हिशोब. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे टनाला 5 किलो. तेही पहिल्या वर्षी थोडंच मिळतं. युरियात 46 टक्के. सेंद्रिय खताचा खरा फायदा मातीची घडण, ओलावा आणि जिवाणू यांना होतो, तोही वर्षानुवर्षे.

म्हणून खत पूर्ण कुजवून पेरणीआधी टाका, रासायनिक मात्रा माती परीक्षण पाहून हळूहळू कमी करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.